खेकड्याला दुखतं का? कोल्हार ते डांगाण, एका ताटासाठी

“आत्या, दादा म्हणत्यात, आखाड संपायच्या आत जेवायला ये. खेकडे भरलेत.”

भाच्याचा, सोमनाथचा, एवढा एक फोन आला आणि माझ्या पायाला चाकं लागली. हे पान खरं तर माझ्या नातीचं, आशूचं. ती त्यावर गड, धबधबे, कुठं काय खावं असलं लिहिते आणि वाचणारे तिथं जाऊनही येतात म्हणे. या वेळी मी सांगतेय आणि ती टाइप करतेय. मला अक्षर ओळखता येत नाही. मी “न्हाई” म्हणते तिथं ती “नाही” लिहिते, तेवढी सूट दिली आहे, बोलणी मात्र जशीच्या तशी. पण प्रत्येक ओळ वाचून दाखवावी लागते, त्यामुळं तिला लबाडीला जागा नाही.

आधी त्या फोनमध्ये काय होतं ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारी जिभेसाठी डोंगर चढली. (तसंही होतंच.)

माझं माहेर डांगाणात, म्हणजे अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात, भंडारदऱ्याच्या धरणाच्या वर. सासर कोल्हारला. नदी एकच, प्रवरा. मी तिच्या उगमाकडून खाली वाहत आले, एवढंच. माहेरी पावसाळ्यात खेकड्याशिवाय आठवडा जात नसे. सासरीही सुरुवातीला सगळं चालायचं. मग एका वर्षी आमच्या मालकांनी माळ घातली आणि माझ्याही गळ्यात घातली. मला कुणी विचारलं नाही. बैलाला घंटा बांधताना त्याला तरी कुठं विचारतात?

त्याच पावसाळ्यात आम्ही माहेरी गेलो. धाकट्या भावाला, सोमनाथच्या बापाला, लक्ष्मणला, माळेचं माहीत नव्हतं. तो दिवसभर ओढ्यात कमरेइतक्या पाण्यात उभा राहून दाजींसाठी निवडून खेकडे घेऊन आला. ताट वाढलं. मालकांनी ताटात बघितलं, चूळही न भरता उठले आणि बाहेर जाऊन चपला घातल्या. आणि मी, त्यांच्या मागं, माझ्या आईच्या घरातल्या ताटावरून उठले. घास हातात होता, तो ताटात परत ठेवला.

त्याला वीसच्या वर वर्षं झाली. लक्ष्मण आमच्या घरी लग्नाकार्याला आला, आहेर केला, पाणी प्यायला, मालक गेले तेव्हा खांदाही दिला. पण कोल्हारला पानावर कधी बसला नाही. “भूक न्हाई आक्का,” म्हणायचा आणि स्टँडवर जाऊन वडापाव खायचा. मला तो वडापाव दिसायचा नाही, पण वास यायचा.

आता त्यानं जेवायला बोलावलं होतं. तेही खेकडा. आणि मालकांनी जाताना मला सांगितलं होतं, माळ मोडू नको. म्हणजे एका माणसाचं ऐकलं की दुसऱ्याचं मोडायचं. मी पिशवी भरली.

कोल्हार ते संगमनेर

सकाळची एसटी पकडा, उशिराच्या गाडीला कॉलेजची पोरं असतात आणि ती म्हातारीला जागा देताना उपकार केल्याचं तोंड करतात. पंच्याहत्तरी उलटल्यामुळं एसटी मला फुकट आहे, आशूला अर्धं तिकीट. सोबत राहात्याचे पेरू घ्या, डांगाणात पेरूचं कौतुक फार.

आशूविषयी सांगायचं राहिलं. ती राहुरीला शेतीचं मोठं शिक्षण घेते, त्यातही किड्यांचं. घरी आली की दूध पीत नाही, तूप खात नाही, मध खात नाही. चहात कसलं तरी बदामाचं पाणी घालते. “कुठल्याच जिवाला त्रास द्यायचा नाही,” म्हणते. माझ्याबरोबर यायला तयार झाली ती मला खेकड्यापासून आणि खेकड्याला माझ्यापासून वाचवायला.

लोणीच्या पुढं दोन्ही बाजूला सोयाबीन होती. बांधावर एक बाई वाकून गोगलगायी वेचत होती आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकत होती.

“हे कुणी शिकवलं तिला?” मी विचारलं.

आशू खिडकीबाहेर बघायला लागली.

“बोल की. तुमच्या कॉलेजानं सांगितलं ना?”

“आजी, ते पीक वाचवायला आहे.”

“बरं. म्हंजी मारून फेकून दिलं तर शास्त्र, आन् मारून खाल्लं तर पाप.”

“मी पाप म्हटलंच नाही. मी म्हटलं, खेकड्याला दुखतं. पाठीचा कणा नसला तरी दुखतं. त्याला चटका दिला की तो ती जागा टाळतो, पाय तुटला तर तो पाय चोळतो.”

“कणा नसल्यालं मी लई बघितल्यात. त्यातला एक आपला सरपंच झाला.”

मागच्या सीटवरचे एक आजोबा खोकले. हसले म्हणायला हरकत नाही.

संगमनेरला उतरून आम्ही मिसळ मागवली, पण माझं लक्ष खेकड्याकडंच. कारण पाय चोळणारा खेकडा मी पाहिला होता. लहानपणी आई जिवंत खेकड्याच्या नांग्या मोडायची, मग ताटलीत ठेवलेला तो उरलेल्या पायांनी नांगीची रिकामी जागा चाचपत राहायचा. मला तेव्हा गंमत वाटायची. आता ते आठवून मिसळ गोड लागेना. (मिसळ स्टँडच्या बाहेर खा, आत नको. पावाला पैसे वेगळे लावत नाहीत ना, तेवढं विचारून घ्या.)

राजूरचा बाजार

संगमनेरहून अकोले, अकोल्याहून राजूर. राजूरपर्यंत रस्ता बरा. पुढं पावसानं खड्डे पडलेत, पाठीत ज्यांना कणा आहे त्यांनी मऊ आसन न्यावं.

राजूरला गाडीसाठी तासभर थांबावं लागलं, म्हणून बाजारात फिरलो. सुक्या मासळीवाल्या ओळीनं बसलेल्या. एकीपुढं जवळ्याचा ढीग, नखाएवढे सुके झिंगे, हजारो. मी एक मूठ उचलली.

“आशे, हे मोज.”

“काय?”

“जीव मोज. एक बकरं कापलं तर अख्खी भावकी जेवती. हितं माझ्या एका मुठीत दोनशे तरी जीव हायेत, आन् चटणी होईल चार माणसांची. मग जास्त पाप कुठं?”

तिनं खरंच विचार केला. हे तिचं मला आवडतं, उत्तर नसलं की ती खोटं उत्तर देत नाही. “माहीत नाही,” म्हणाली.

जवळेवाली वैतागली. “मावशे, घ्यायचं आसंल तर घे, न्हाईतर माझ्या मालाची जनगणना नको करू.”

माळ घातलेली बाई जवळा हातात घेऊन हिशेब शिकवतेय, हे तिनं गळ्याकडं बघून ओळखलंच होतं. मी मूठ परत ढिगात सोडली. हाताचा वास मात्र संध्याकाळपर्यंत गेला नाही आणि मी तो धुवायची घाईही केली नाही.

भंडारदरा

राजूरहून शेंडीपर्यंत जीप मिळते. दहा माणसं भरल्याशिवाय सुटत नाही आणि दहा म्हणजे चौदा. आखाडात तुम्ही जाल तर धुकं इतकं असतं की धरण पाहायला आलेले लोक धुक्याचेच फोटो काढून परत जातात. कपाळावर पाणी, पाठीवर पाणी, पायाखाली पाणी. छत्रीचा उपयोग नाही, वारा ती उलटी करून देतो. प्लास्टिकचं इरलं घ्या, शेंडीत मिळतं.

चहाला एका हॉटेलात बसलो. दारावर पाटी होती. आशूनं वाचली, “गावरान खेकडा थाळी.” शेजारच्या टेबलावर पुण्याकडचं कुटुंब. त्यातल्या साहेबांनी विचारलं, “खेकड्यात बोनलेस मिळेल का?”

हॉटेलवाला पोक्त होता, हसला नाही. “साहेब, सगळाच बोनलेस हाय. हाडं त्यानं वरून घातल्यात.”

त्यांच्या बाईंनी थाळी आली तशी नांगी चिमटीत धरली, दोन्ही बाजूंनी बघितली आणि बाजूला ठेवली. शेवटी अर्धी थाळी तशीच उठली. मला राग आला. आशूलाही आला. आमचा राग एकाच ताटावर, कारणं वेगळी. तिचं म्हणणं, मारलाच कशाला. माझं म्हणणं, मारलाय तर चाटूनपुसून खा.

खेकडा खायची गोडी कशात आहे, हे सांगते, कारण आशूचे निम्मे वाचणारे तेवढ्यासाठीच वाचत असतील. बोकडाचं मटण तुम्हाला आयतं मिळतं. खेकडा आयता मिळत नाही. फोडावा लागतो, चोखावा लागतो, कडेकपारी शोधाव्या लागतात. एका माणसाला एक खेकडा संपवायला पाऊण तास लागतो आणि तेवढा वेळ कुणी मोबाईल उचलू शकत नाही, कारण बोटं रश्शात. घरातली सगळी माणसं एका जागी गुंतवून ठेवणारं दुसरं जेवण मला माहीत नाही.

माहेर

शेंडीला सोमनाथ मोटरसायकल घेऊन आला होता. आम्ही तिघं एका गाडीवर, मी मधोमध, हे लिहू नको म्हटलं तरी आशू लिहिणारच आहे.

लक्ष्मण ओट्यावर उभा होता. वाळलाय. चार पावलं चालला की दम लागतो. मला बघून म्हणाला, “आलीस? मला वाटलं, माळ आडवी यील.”

“माळ गळ्यात असती, पायात न्हाई.”

त्यावर तो हसला नाही. मी समजले, पुढचं सगळं जेवणाच्या ताटावर ठरायचं आहे.

आत गेले तर चुलीशेजारी, भिंतीला जिथं पाट मांडतात तिथं वर, एक नवाकोरा खिळा ठोकलेला. डांगाणात काय किंवा कोल्हारात काय, आमच्यात माळकरी माणसाची एक जुनी सोय आहे. वशाट खायचं असलं की माळ काढून खुंटीला टांगायची, खायचं, आंघोळ करून परत घालायची. जेवढा वेळ माळ खुंटीवर, तेवढा वेळ देव खुंटीवर. गावातली बरीच देवमाणसं अशी अर्धा वेळ खुंटीवर असतात. लक्ष्मणनं मला विचारलं नव्हतं, खिळा ठोकून ठेवला होता. मालकांनी विचारलं नव्हतं, माळ घातली होती. दोघांच्या मधे माझी मान.

जेवणासाठी खेकडे धरायला दुपारी खाचरावर गेलो. आवणी चालू होती, बायका गुडघाभर चिखलात भाताची रोपं लावत होत्या. लक्ष्मणला वाकवत नव्हतं, म्हणून तो बांधावर बसून दगड दाखवायचा आणि मी हात घालायचे.

“त्याच्या खाली न्हाई, डावीकडच्या. आक्के, डावा कुठला ते ईसरलीस का?”

“तू गप. तुझ्या जन्माच्या आधी मी हितं खेकडे धरत हुते.”

तेवढ्यात बोटाला चिमटा बसला. ओरडले, पण सोडला नाही. काळाशार, तळहातापेक्षा मोठा. पालथा केला आणि पोटाची झडप नखानं उचलली. आत बारीक बारीक पिलं, मोहरीएवढी, वळवळत एकमेकांना धरून बसलेली. शंभर तरी असतील.

मी काही बोलायच्या आत लक्ष्मण म्हणाला, “सोड. पोराबाळाची हाय.”

मी ती पाण्याला लावली. ती पोटाशी पाय घेऊन हळूच दगडाखाली गेली.

आशू बांधावर उकिडवी बसून बघत होती. “आजोबा, तुम्ही अशा सोडता?”

“आमच्या आईची रीत हाय. पिलं आसल्याली खायची न्हाई.”

“पण हे बांध फोडतात ना? रोपं तोडतात?”

“फोडत्यात की. मग बांध परत घालायचा. आपल्याला पावसाळ्यात दुसरं काम काय हाय?”

आशूनं वही काढली नाही, मोबाईलही काढला नाही. चिखलात उतरली. सहा खेकडे मिळाले, त्यातले दोन सोडले.

फ्रीज

आता गंमत. चार खेकडे घमेल्यात घेऊन घरी आलो आणि भावजय, हौसा, नांग्या मोडायला बसली. आशू मधे पडली. म्हणाली, मारायचेच असतील तर जिवंतपणी मोडू नका, आधी बर्फात ठेवा, गार पडले की त्यांना कळत नाही, मग एका घावात संपवा. हौसानं आयुष्यात पहिल्यांदा खेकड्याच्या वतीनं कुणी बोलताना ऐकलं. तोंडाला पदर लावून हसली, पण पोरगी पाहुणी होती.

“बर्फ कुठनं आणू? फ्रीजात ठेव.”

सोमनाथनं ठेवले. पण वरच्या बर्फाच्या कप्प्यात न ठेवता खाली भाजीच्या कप्प्यात ठेवले, आणि भाजीच्या कप्प्यातला गारवा डांगाणातल्या खेकड्याला म्हणजे दुपारची झुळूक. अर्ध्या तासानं हौसा कोथिंबीर काढायला गेली. कोथिंबीर ओढली तर कोथिंबिरीनं उलटं ओढलं. तिनं अशी किंकाळी फोडली की आवणीच्या बायका बांधावरून धावत आल्या. एक खेकडा दुधाच्या पिशवीवर चढून बसला होता. आशूनं तो उचलला, बर्फाच्या कप्प्यात नेऊन ठेवला आणि म्हणाली, “बघा, यालासुद्धा दूध नको होतं.”

हौसा म्हणाली, “आक्का, तुमची नात येडी हाय, पण ग्वाड हाय.”

पुढचं मात्र आशूच्या सांगण्याप्रमाणं झालं. खेकडे गार पडले, हलेनासे झाले, मग हौसानं एकेकाला एका घावात संपवलं. कुणी पाय चाचपत राहिलं नाही. हौसाही म्हणाली, “ह्ये सोपं पडलं. बोटं वाचली.” बारीक पाय पाट्यावर वाटून गाळून त्याचं पाणी रश्शात घातलं, भाजलेलं खोबरं, कांदा, लसूण. हात लावायला कुणी बोलावलं नाही तरी मी चुलीपाशी बसले आणि वास घेत राहिले. माळेनं नाक झाकलं जात नाही.

ताट

दिवेलागणीला पानं मांडली. मला खिळ्याखालीच पाट. लक्ष्मण समोर. आशूच्या ताटात हौसानं रस्सा ओतायला पळी नेली आणि आशूनं ताटावर हात आडवा धरला.

“मला नको. मी खात नाही.”

 तेच घर, तीच चूल, परत कोल्हारचं माणूस, परत नको. मी लक्ष्मणकडं बघितलं. तो आशूकडं बघत होता.

“नको तर नको,” तो म्हणाला. “नागलीची भाकर हाय, ठेचा हाय, भात हाय. पर उठू नकोस. बस.”

“मी कशाला उठू?” आशूनं भाकरी मोडली. “मला भूक लागलीये.”

एवढंच झालं. लक्ष्मणनं ठेचा स्वतःच्या हातानं तिच्या ताटात वाढला. मी बघत राहिले. वीस-बावीस वर्षं मी समजत होते की भांडण खेकड्याचं आहे. मनात खेकडे उकडत बसले होते. त्यात खेकडा कुठंच नव्हता. मालकांनी बसून नुसता भात खाल्ला असता तरी चाललं असतं. मी त्यांच्या मागं उठले नसते तर त्याहून चाललं असतं.

“लक्षू,” मी म्हटलं, “त्या दिशी मी उठायला नको हुतं.”

तो रश्शात भाकरी कुस्करत होता. “दाजी परके हुते. त्यांचं मला कायबी वाटलं न्हाई. तू आपल्या घरात उठलीस.”

“व्हय.”

“मग झालं. तुला नको आसंल तर तूबी भात खा. म्या खिळा ठोकला तो उगा सोय म्हनून.”

आता मला खायची सक्ती कुणाचीच नव्हती. भावाची नाही, नातीची नाही. आणि मला कळलं की मला तो खेकडा खायचाच आहे. कुणासाठी नाही, माझ्यासाठी.

हातपाय पुसायचा ओला टॉवेल मांडीवर होता, तो मी खिळ्याला टांगला. माळ गळ्यातच ठेवली. मालकांचा शब्द मोडायचा तर त्यांच्या तोंडावर मोडावा, खुंटीला टांगून लपवाछपवी कशाला? हौसानं जीभ चावली. मी नांगी उचलली आणि दातांनी फोडली. वरचे दोन दात माझे स्वतःचे आहेत, ते याच कामासाठी राहिले असावेत.

चव सांगत नाही. डोळे मिटले होते, एवढं आशू लिहील.

एक खाल्ला, दुसरा घेतला नाही. दुसऱ्या खेकड्याच्या नांग्यांतला गर काढून लक्ष्मणच्या ताटात ठेवत गेले, त्याला आता दात नाहीत. तो खात गेला. पाऊण तास लागला.

परत

दुसऱ्या दिवशी जीप, एसटी, एसटी. येताना हौसानं काळभाताचे तांदूळ दिले. तुम्ही गेलात तर तेही घ्या, आणि शेंडीतल्या थाळीला जाण्यापेक्षा कुणाच्या घरी जेवायला मिळतंय का बघा. आधी सांगून जा, आणि काय खात नाही तेही आधी सांगा. पण ताटावरून उठू नका.

घरी आल्या आल्या लेकानं विचारलं, “आई, तिकडं काय खाल्लंस?”

“खेकडा. माळ घालून.”

तो दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. भजनाच्या बायकाही जरा लांब बसल्या, त्यामुळं मला पाय पसरायला जागा झाली.

आशूचं विचाराल तर ती अजून बदामाचं पाणी पिते. मी तिला सांगितलं, तुझं खरं आहे, त्याला दुखतं. मी खाल्ला त्यालाही दुखलं असणार, फ्रीजात गार पडायच्या आधी तरी. मी त्याची माफी मागितली नाही. माफी मागत खाणाऱ्यांचा मला भरवसा वाटत नाही, ते रोज मागतात आणि रोज खातात. परत खाईन का? बोलावलं तर जाईन, बसेन, मग बघू. जवळा मात्र कधीच नाही. ते दोनशे जीव मी हातात घेऊन मोजले होते, आता ते तोंडात मोजले जातील.

श्रावणाच्या पहिल्या सोमवारी दारात रिक्षा थांबली. लक्ष्मण, एकटा, काठी टेकत. म्हणाला, “डाक्टरकडं आलो हुतो.” डॉक्टर संगमनेरला असतो. कोल्हार त्याच्या वाटेवर येत नाही.

 सूनबाईनं उपासाची भगर आणि शेंगदाण्याची आमटी केली होती. मी पाट मांडला. तो चपला काढून आत आला, हात धुतले आणि बसला. एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, मग वर बघून म्हणाला, “आक्के, तुझ्या सासरच्या आमटीला मीठच न्हाई.”

“वीस वरसं आधी सांगायचं हुतंस,” मी म्हटलं आणि मिठाची वाटी त्याच्याकडं सरकवली.